फिट्सच्या आजारात आठवणी पुसल्या जातात. तुमच्या घरात हे कसं निभावता?

सुईदोरा | ११ जुलै, रात्री १०:५२

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोबाईलवरून टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

मी सांगलीची, वय ४१. घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. एकोणिसाव्या वर्षापासून फिट्स येतात. आकडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातपाय झाडणं येतं, माझं तसं फार क्वचित होतं. आधी पोटातून काहीतरी वर सरकतं, मग नजर एका जागी लागते, ओठ चाटत राहते, बोटांनी ओढणीचं टोक चिमटत बसते. मिनिट-दीड मिनिट. हेसुद्धा घरच्यांनी सांगितलंय म्हणून माहीत. मला स्वतःला पोटातलं ते सरकणं कळतं आणि त्यानंतर एकदम "पाणी घे" म्हणणारा चेहरा दिसतो.

एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग) जुना व्रण दिसतो. दीड वर्षाची असताना तापात बराच वेळ आकडी आली होती, त्याचा असावा असं डॉक्टर म्हणाले.

फिट्सबरोबर जगायला मी शिकले. आठवणींचं काय करायचं ते मात्र अजून कळत नाही, म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात लेक (आठवीत आहे) फोनवर जुने फोटो दाखवत होती. एका फोटोत मी समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी, हिरवा ड्रेस, बाहीला पिवळी पायपिन. तो ड्रेस मी ओळखला, माझ्याच हातची पायपिन आहे, कोपऱ्यावर थोडी ओढली गेलीय तेही ओळखलं. समुद्र ओळखता आला नाही. लेक म्हणाली, "आई, मुरुड-जंजिरा! आपण शिडाच्या होडीतून किल्ल्यावर गेलो, मी घाबरले होते, तू माझा हात धरलास. आठवतं ना?" फोटोवर तारीख होती, जेमतेम चौदा महिन्यांपूर्वीची. मी "हो" म्हणाले. तिला कळलं की मी खोटं बोलतेय. तिनं फोन बंद केला आणि अभ्यासाला बसली.

त्या रात्री झोप लागली नाही. ती घाबरलेली असताना तिचा हात ज्या बाईनं धरला, ती बाई मला कुठेच सापडत नाही.

मध्यंतरी एका ठिकाणी स्मरणशक्तीची चाचणी झाली. शब्द ऐकवले, अर्ध्या तासानं विचारले, मी बरेचसे सांगितले. "नॉर्मल आहे, फार विचार करता" असं म्हणून परत पाठवलं. मग घरीही तेच सुरू झालं, "रिपोर्ट तर चांगला आहे."

कामापुरतं मी बसवलंय. मापाची वही आहे. एका गिऱ्हाइकाला एक पान. छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा-मागचा गळा, कापडाचा तुकडा स्टेपल केलेला, आगाऊ किती दिले, कधी द्यायचं. कुणी "नेहमीसारखंच शिव गं" म्हणालं तरी पान उघडल्याशिवाय कात्री लावत नाही. कालनिर्णयवर लोक दुधाचा हिशोब लिहितात, मी फिटच्या दिवसाला लाल ठिपका देते. कुकरच्या शिट्ट्यांसाठी ओट्यावर घेवड्याचे तीन दाणे ठेवते, शिट्टी झाली की एक दाणा वाटीत. इस्त्री घरात दुसरं कुणी असेल तेव्हाच. न्हाणीघराला आतून कडी लावत नाही.

पण लेकीच्या त्या प्रश्नाला वही पुरत नाही. दीर्घ आजारानं ज्यांच्या घरात असं विसरणं आलंय, त्यांनी कृपया लिहा. कुठलाही आजार असू दे.

रानजाई | ११ जुलै, रात्री ११:३०

ताई, वाचून गलबलून आलं. मला ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), नऊ वर्षं झाली. सांधे दुखतात हे लोकांना कळतं. बोलता बोलता "चाळणी" हा शब्द हरवतो आणि मी हातानं गोल गोल दाखवत उभी राहते, ते कुणाला कळत नाही. माझं पूर्ण पुसलं जात नाही, धुक्यात गेल्यासारखं होतं. थकवा वाढला की धुकं वाढतं. अवघड कामं मी सकाळी दहाच्या आत उरकते. बँक, मुलाच्या शाळेचे निरोप, औषधांची मागणी, सगळं. दुपारनंतर एकही निर्णय घ्यायचा नाही, असं घरात सांगून ठेवलंय.

तुमची वही फार आवडली.

निवृत्त_मास्तर | १२ जुलै, सकाळी ६:१५

सुईदोरा, मुली, तुझं पत्र दोनदा वाचलं.

आमच्या सौभाग्यवतींना किडनीचा विकार आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. घरी आली की ती पार गळून जाते आणि त्या संध्याकाळी एकच गोष्ट चार-पाचदा विचारते. "दुधवाल्याचे दिले का?" दिले. दहा मिनिटांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी बरीच सावरते.

आयुष्यभर मी वर्गात प्रश्न विचारले. ती विसरायला लागली तेव्हा घरातही विचारायला लागलो. "काल कोण आलं होतं? सांग बघू." मला वाटे, सराव होईल. एक दिवस ती म्हणाली, "मला नापास करायला बसलाय का?" तेव्हापासून मी विचारत नाही, सांगतो. "काल तुझा भाऊ येऊन गेला, चिकू घेऊन आला, तू त्याला पोहे केलेस." एवढं कानावर पडलं की कधी कधी तिचं तिलाच पुढचं आठवतं, "हो, पोह्यात मीठ कमी पडलं होतं." नाही आठवलं तरी तिला कालचा दिवस मिळालेला असतो.

तुझ्या लेकीला एवढं सांगून बघ. "आठवतं ना?" हे दोन शब्द काढून टाकायचे आणि बाकीचं सगळं सांगायचं.

सुईदोरा | १२ जुलै, सकाळी ७:०२

काका, "नापास करायला बसलाय का" हे अगदी अगदी माझ्या मनातलं. मला ते शब्दांत सांगता येत नव्हतं. काकूंना नमस्कार.

घाटमाथा | १२ जुलै, सकाळी ९:४०

ताई, आमच्याकडे आजी ब्राह्मीचं तेल लावायची आणि रोज रात्री भिजवलेले पाच बदाम द्यायची. करून बघा. तसंच या गोळ्यांनीच विसरायला होतं असं माझ्या आतेभावाचं म्हणणं आहे. त्यानं हळूहळू बंद केल्या, त्याला बरं वाटतंय.

न्यूरो_निवासी | १२ जुलै, दुपारी २:१८

मी न्यूरॉलॉजीचं शिक्षण घेतोय. इथे कुणाला तपासू शकत नाही, पण दोन गोष्टी तातडीनं लिहायला हव्यात.

घाटमाथा, बदाम आणि तेलाबद्दल काहीच हरकत नाही. पण फिट्सच्या गोळ्या स्वतःच्या मनानं कमी किंवा बंद करणं अतिशय धोक्याचं आहे. एकामागून एक न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. आतेभावाला आज बरं वाटतंय म्हणून धोका टळलेला नाही, त्यांना याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. पोटात घ्यायचं कुठलंही चूर्ण किंवा काढा सुरू करायचा असेल तर तोही डॉक्टरांना आधी सांगा.

सुईदोरा ताई, तुमची चाचणी चुकीची नव्हती. ती अर्ध्या तासापुरतीच होती. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात, म्हणजे तिथून उठणाऱ्या फिट्सच्या आजारात, काही जणांना शिकलेलं अर्ध्या तासानं नीट सांगता येतं, आणि काही आठवड्यांत तेच भराभर ओसरतं. नेहमीच्या चाचणीत हे पकडलं जात नाही. सहली, लग्नं, बारशी अशा स्वतःच्या आयुष्यातल्या घटना जास्त जातात. तेव्हा "रिपोर्ट चांगला आहे" आणि "मला मुरुड आठवत नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. तुम्ही उगाच विचार करत नाही आहात.

असं का होतं? टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, ग्रीक नावही त्यावरूनच पडलं. नवी घटना पक्की करण्याचं काम तिथं चालतं. तुमचा व्रण बहुधा त्याच भागात असणार. डावीकडे असेल तर शब्द आणि नावं जास्त अडतात. त्यावर फिट्सची भर पडते, झोपेत येऊन गेलेल्या आणि कुणाला न कळलेल्याही. औषधांचाही वाटा असू शकतो, हे घाटमाथांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. टोपिरामेटनं काहींना शब्द सापडत नाहीत, फिनोबार्बिटोननं मंदपणा येतो. त्यावर डॉक्टरांशी बोलून औषध किंवा डोस बदलता येतो. तुटलेली झोप, मनाची उदासी, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड हेही बघावं लागतं, कारण यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं.

पुढच्या वेळी ओपीडीत जाताना ते लाल ठिपक्यांचं कॅलेंडरच घेऊन जा. आम्हाला त्याचा खूप उपयोग होतो. आणि "आठवड्यांनी पुसलं जातं" हे असंच, याच शब्दांत सांगा.

एक सगळ्यांसाठी. नेहमीच्या विसरण्यापेक्षा वेगळं, अचानक काही तासांत गोंधळ झाला, बोलणं अडखळलं, हातपायातली ताकद गेली तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

सुईदोरा | १२ जुलै, रात्री ९:२५

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तू आमच्याकडे लक्ष देत नव्हतीस असं नव्हतं." इतकी वर्षं त्याच्या मनात हे होतं, आणि मला ते आज कळलं.

हार्टफर्डकर | १२ जुलै, रात्री ११:५०

मी मूळचा मिरजेचा, अकरा वर्षं कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डमध्ये आहे. या गावाचा आणि तुमच्या विषयाचा फार जवळचा संबंध आहे म्हणून लिहितो.

१९५३ साली इथल्या हार्टफर्ड हॉस्पिटलमध्ये हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर फिट्ससाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. सर्जन होते विल्यम स्कोव्हिल. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन काहीही त्याच्या लक्षात राहीना. त्या काळी कुणाला कल्पनाच नव्हती की आठवण पक्की होण्याचं काम या भागाकडे आहे. ते कळलं त्याच्यामुळे.

ब्रेंडा मिल्नर या संशोधक त्याच्याकडे येत. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला दिली. सुरुवातीला हात चुकायचा. तीन दिवसांत तो सफाईनं गिरवायला लागला, आणि दर वेळी त्याला वाटे की हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. हाताची आठवण मेंदूत वेगळीकडे असते, हे त्यावरून दिसलं.

तो २००८ साली गेला. तोवर शास्त्रीय लिखाणात त्याचा उल्लेख फक्त 'एच. एम.' असा होत असे, पूर्ण नाव मृत्यूनंतर जगाला कळलं. जवळजवळ सगळं आयुष्य त्यानं संशोधकांना सहकार्य केलं. त्या हॉस्पिटलवरून गाडी जाते तेव्हा मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करतो.

तुम्हाला पायपिन आठवली आणि समुद्र आठवला नाही, हे वाचताना मला तोच आठवला. तुमच्या हातांनी त्यांचं सगळं जपून ठेवलंय.

सुईदोरा | १३ जुलै, सकाळी ६:४०

मशीनवर बसले की मला वही लागत नाही. काज, हुक, मुंढ्याचा बाक, सगळं हात करतात. मी हे कधी जमेला धरलंच नव्हतं. फिट येऊन गेल्यावर माझं नाव सांगायला वेळ लागतो, पण सुईत दोरा ओवते मी. नवरा म्हणतो, त्यावरूनच त्याला कळतं की आता ठीक आहे.

एक विचारायचं राहिलं. ऑपरेशनचं मलाही सुचवलं होतं, मी घाबरून विषय बंद केला. ते वाचून आणखी भीती वाटली.

न्यूरो_निवासी | १३ जुलै, दुपारी १:०५

भीती वाटणं साहजिक आहे. दोन्ही बाजू काढणं त्या एका अनुभवानंतर थांबलं. आता होते ती एकाच बाजूची, तीही खूप तपासून. दोन औषधं योग्य डोसमध्ये देऊनही फिट्स थांबत नसतील तर निदान तपासणी तरी करून घ्यावी. व्हिडिओ ईईजी (कॅमेरा लावून मेंदूच्या लहरींची नोंद), एमआरआय आणि सविस्तर स्मरण-चाचणी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हे काम अनेक वर्षं चालू आहे, मुंबई-पुण्यातही होतं. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत शब्दांच्या स्मरणाला धक्का बसू शकतो, म्हणून आधीच मोजून बघतात की तुमच्याकडे किती शिल्लक आहे आणि उजवी बाजू किती सांभाळेल. तपासणी केली म्हणजे ऑपरेशनला होकार दिला असं नसतं.

अबोली_७ | १३ जुलै, दुपारी ४:३३

धागा थोडा भरकटवतेय, माफ करा. बहिणीला फिट्स आहेत, वय २६, स्थळं येताहेत. घरचे म्हणतात सांगू नका. ती परीक्षेच्या वेळी वाचलेलं विसरते म्हणून आधीच खचलीय.

रानजाई | १३ जुलै, संध्याकाळी ६:१०

अबोली, सांगा. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ मध्ये काढून टाकला. कायद्याची आडकाठी नाही. पण लपवलं तर तिला गोळ्याही लपवून घ्याव्या लागतील, त्या चुकतील, फिट येईल. मी माझा ल्युपस दुसऱ्या भेटीत सांगितला होता. एक स्थळ परत गेलं. दुसरा माणूस म्हणाला, "गोळ्या किती वाजता असतात?" त्याच्याशी लग्न केलं.

न्यूरो_निवासी | १३ जुलै, रात्री ८:००

रानजाईंना अनुमोदन. शिवाय लग्नाचा, मुलाचा विचार असेल तर ती कुठली गोळी घेते ते आधी डॉक्टरांना दाखवा. सोडियम व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करू शकतं, वेळेत बदलता येतं. स्वतः बंद करायचं नाही, हे पुन्हा सांगतो.

आणि घरच्यांना शिकवून ठेवा. फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालायचं नाही. कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय.

घाटमाथा | १४ जुलै, रात्री १०:१५

आतेभावाला आज डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मी असं लिहायला नको होतं. डॉक्टर, मनापासून आभार.

सुईदोरा | १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतेय.

बी-१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. एका गोळीचा डोस बदलला. डॉक्टरांनी कॅलेंडरचे फोटो काढून घेतले. ठिपके पाळीच्या आसपास आणि लग्नसराईत दाट होते. लग्नसराईत मी रात्री दोन-दोनपर्यंत शिवते. हे बावीस वर्षांत कुणाच्या नजरेला आलं नव्हतं, माझ्याही नाही. आता रात्री दहाला मशीनवर झाकण. दोन ऑर्डरी परत केल्या, वाईट वाटलं. तपासणीसाठी तारीख घेतलीय, ऑपरेशनचं पुढचं पुढे बघू.

काका, लेकीला तुमचे शब्द वाचायला दिले. तिनं काही न बोलता एक दोनशेपानी वही आणली. मुरुडचे सहा फोटो छापून आणले, एका पानावर एक चिकटवला आणि खाली लिहिलं. रविवारी रात्री आम्ही दोघी वाचतो. पहिलं पान तिला विचारून इथे उतरवतेय:

"हा आपला मुरुडचा फोटो. रविवार होता. एसटीत तुला खिडकी मिळाली. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो. होडी कलली तेव्हा मी रडले. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, शिडाच्या कापडाला बघ किती जाड टाके आहेत, दुहेरी शिवण आहे, फाटणार नाही. मग मी टाके मोजत बसले. सत्तावीस झाले तेव्हा किल्ला आला. परत आल्यावर तू शहाळं घेतलंस आणि मलई मला दिलीस."

पाच रविवार वाचतेय. होडी अजूनही आठवत नाही. पण दुहेरी शिवणीचं ते वाक्य मीच बोलले असणार, त्यात मला तिळमात्र शंका नाही. माझ्याशिवाय कोण बोलेल ते?

आता ती कुठेही गेलो की त्याच रात्री दोन ओळी लिहिते. मीही माझ्या दोन ओळी लिहिते, पुसायच्या आधी.

निवृत्त_मास्तर | २० ऑगस्ट, सकाळी ६:०५

मुली, हे मी हिला वाचून दाखवलं. तिला ओट्यावरचे घेवड्याचे दाणे जास्त आवडले. काल डायलिसिसहून आल्यावरही कुकर तिनंच लावला, मला उठू दिलं नाही. तीन दाणे वाटीत पडले, गॅस तिनंच बंद केला. मग वाटी आणून मला दाखवली.

तुझ्या लेकीला सांग, वहीला मागून पुठ्ठा लाव. रोज हाताळली की दोनशेपानीचं शिवण सुटतं.

सुईदोरा | २० ऑगस्ट, सकाळी ७:३०

पुठ्ठा आजच लावते काका. शिवण मी स्वतःच्या हातानं घालते, जाड दोऱ्यानं, दुहेरी.